डोक्यावरचे पट्टे

खापरखेडा,
१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

भैरवी,

कशी आहेस? काकूंचा गुडघा बरा आहे का? तुझ्या नावाआधी एक शब्द होता, तो खोडलाय. दिसत असेलच. फोनवर तू मला बंद करून टाकलंस, म्हणून हा कागद.

मी ठीक आहे. वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याच्या बांधावर ठेकेदाराकडे लागलोय. सकाळी सात ते संध्याकाळी सात पाणी कुठे झिरपतं का बघायचं आणि झिरपलं तर फोन करायचा. जागा सोडायची नाही. पत्र्याची केबिन, एक खुर्ची, तीन बाजूंना राख. घरी बाबा माझ्याशी बोलत नाहीत, आईशी बोलतात. "पाचवं सेमिस्टर अर्धं टाकून आलेल्या साहेबाले चटणी वाढ." मी ताटावरून उठतो. उठून जाणार कुठे? क्वार्टरच्या दोन खोल्या. पुन्हा येऊन बसतो.

तुझी दुर्बीण माझ्याकडेच आहे. त्या दिवशी कॉलेजातून सरांशी भांडून निघालो तेव्हा गळ्यातच होती. परत द्यायला यायचं, तर तुझ्यासमोर उभं राहावं लागलं असतं.

परवा प्रीती भेटली. म्हणाली, पक्ष्यांच्या यादीची पुस्तिका छापायला चालली आहे आणि मधुकरराव सर आपली त्या व्हिम्ब्रेल पक्ष्याची नोंद काढायची म्हणतात. तू भर बैठकीत उभी राहिलीस म्हणे. "रोशननं डोकं पाहिलंय, खाली माझी सही आहे. नोंद काढली तर मीही यादीतून बाहेर." रविवारी शेवटची बैठक आहे ना?

आता नीट ऐक. आठ दिवसांपासून इथे राखेच्या काठाला एक पक्षी येतो. तपकिरी, शेकाट्यांपेक्षा बराच थोराड, चोच खाली वाकलेली पण आखूड. अगदी आपल्या बेसाच्या तलावावरच्यासारखा. मी म्हटलं, आला माझा साक्षीदार! तीन दिवस तो पाठ करूनच चरत होता. चौथ्या दिवशी वळला. डोकं साधं, बारीक रेघोट्यांचं. व्हिम्ब्रेलला असतात तसे गडद पट्टे नाहीत, मधली फिकट रेघ नाही. कर्ल्यू होता गं, व्हिम्ब्रेलचा लांब चोचीचा भाऊबंद. याच वर्षी जन्मलेला. पहिल्या हिवाळ्यात त्यांची चोच आखूडच असते. सर मला गेल्या नोव्हेंबरात हेच समजावत होते आणि मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. "तुमचे डोळे गेले सर, माझे नाही!" वही फाडली, कॉलेजच सोडलं.

तेव्हा चूक होऊ शकते. आखूड चोचीला कोणीही फसतो.

असं लिहून मी कागद घडी करून ठेवला होता. पुन्हा उघडला.

त्या दिवशी बेसाच्या तलावावर तुझ्या चपलेचा बंद तुटला होता, तू चिखलात वाकलेली. मी ओरडलो, "व्हिम्ब्रेल!" तू खालूनच विचारलंस, "डोक्यावर पट्टे पाहिले का रे?" मी म्हटलं, "पाहिले ना वं." तू मान वर केलीस तोवर तो उडाला होता. तू हसलीस, म्हणालीस, "तू पाहिले म्हणजे मी पाहिले," आणि चिखलाच्या बोटांनी सही केलीस.

भैरवी, मला डोकं दिसलंच नव्हतं. तो पाठमोराच होता. तू तशी हसलीस आणि मला खरं बोलता आलं नाही. नंतर सरांनी विचारलं तेव्हा मागे यायला वाट नव्हती. बोलू शकलो असतो, पण तुझ्यासमोर खोटा ठरण्यापेक्षा भांडण सोपं वाटलं. वर्षभर मी सर्वांना सांगतो, सरांच्या अपमानामुळे कॉलेज सोडलं. खरं म्हणजे रोज वर्गात तू शेजारी बसायचीस.

हे कळल्यावर तू रविवारी त्याच लोकांसमोर कशी उभी राहशील, म्हणून काल सरांना वेगळं पत्र टाकलं. त्यात लिहिलंय की डोकं पाहिलं नव्हतं आणि भैरवीनं माझ्या शब्दावर सही केली. माझं डोकं तापतं, मी हे पत्र फाडलंही असतं, म्हणून आधी ते पेटीत टाकलं. आता फाडून उपयोग नाही.

दुर्बीण प्रीतीकडे देतोय. आज दुपारी शेवटची लावून पाहिली. तो तिथेच होता. त्याला पंख आहेत, तरी रोज याच राखेत येतो. काहून येतो, देव जाणे.

मला उत्तर लिहू नकोस. म्हणजे, लिहिलंस तर बरं. सात ते सात मी बांधावरच असतो.

ज्याला तू न पाहता खरं मानलंस, तो
रोशन