यांचं ‘ऑफ कोर्स’

४ फेब्रुवारी
यांची वाचा गेली म्हणतात सगळे. खोटं आहे. दोन शब्द राहिलेत – ‘ऑफ कोर्स’. जन्मभर हॉटेलच्या काउंटरवर उभं राहून तेच म्हणत आले. खोली बदलून हवी? ऑफ कोर्स. पक्षाघाताने बाकी सगळं नेलं, हे तेवढं चिकटून राहिलं. घरातही तेच असायचं. ‘नळ दुरुस्त कराल ना?’ ‘ऑफ कोर्स!’ आणि नळ महिनाभर गळत राहायचा.

६ फेब्रुवारी
बोलायला शिकवायला येते ती मुलगी म्हणाली, “काकू, प्रत्येक प्रश्न उलटाही विचारायचा. तोंडातून एकच येणार. तुम्ही चेहरा बघा.”
चहा हवा? ऑफ कोर्स. चहा नको? ऑफ कोर्स – पण कपाळाला आठी. म्हणजे हवाय! आठ्या वाचण्यात मी आता पटाईत झालेय.

७ फेब्रुवारी
पाठ धरलीय. रात्रभर यांची कूस बदलून द्यावी लागते. सलग झोप कशी असते तेच विसरले.

११ फेब्रुवारी
मुलगा आला. त्याने शुश्रूषागृह बघून ठेवलंय. यांच्यासमोर स्टूल ओढून बसला.
“बाबा, तिथे रात्रंदिवस माणसं असतात. जाल ना?”
“ऑफ कोर्स.”
“बघ आई, स्वतःच हो म्हणाले.”
उलटा प्रश्न त्याला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. कपाळावरची आठीही मी पाहिली. तरी मूग गिळून बसले, आणि त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेले.

१३ फेब्रुवारी
यांची बॅग भरली. स्वेटर कुठला घेऊ, तेही विचारलं नाही. काही विचारायची हिंमतच होत नाही. मन खातंय.

१५ फेब्रुवारी
मुलाला फोन करून सांगून टाकलं. “बाबा हो म्हणाले असं कुणाला सांगत फिरू नकोस. त्यांना जायचं नाहीये. पाठवतेय ती मी. मला नाही झेपत आता.”
तो म्हणाला, “आई, ते कुणाला कळणार आहे?”
मला कळतंय ना!

१६ फेब्रुवारी, सकाळ
यांची दाढी करून दिली. मग सरळ समोर बसून सांगितलं. “तुम्हाला जायचं नाही, मला माहितीय. तरी पाठवतेय. मला झोप नाही हो. मी मोडलेय पार.” साबणाच्या हातांनीच डोळे पुसले, ते चुरचुरायला लागले.
हे बघत राहिले. ओठ हलले. आता काय येणार ते मला पाठ होतं.
“झोप,” म्हणाले. घोगरं, अर्धवट, पण झोप! परत एकदा म्हणाले.
शुश्रूषागृहाची गाडी यायला वेळ आहे. पाच मिनिटं यांच्याशेजारी डोकं टेकते.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ
आत्ता उठले. शेजारीण सांगत होती, गाडी आली होती म्हणे. बेल वाजवून वाजवून परत गेली. हे जागेच होते.