बारा फुटी रस्त्याचे गाऱ्हाणे

घाटकोपर (पश्चिम), डोंगरावरून
९ डिसेंबर १९८५

तीर्थस्वरूप सहदेवदादांच्या पायांवर धाकट्या काशीरामचे डोके. वहिनींचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेले तेल त्या लावतात, की देव्हाऱ्यात ठेवून त्यालाच हळदकुंकू वाहतात? आम्ही इकडे ठीक आहोत, असे लिहायचे असते म्हणून लिहिले. खरे म्हणजे आमची पार वाट लागली आहे, आणि ती लावायला बाहेरून माणसे आणावी लागली नाहीत.

गेल्या रविवारी आमच्याकडे वस्तीफेरी झाली. (हा रोग अजून गावाकडे पोचला नसेल. सुखी आहात.) शिकलेल्या साहेबाने कचेरीत बसून नकाशा काढायचा नाही, तर रहिवाशांना बरोबर घेऊन गल्लोगल्ली हिंडायचे, कुठे काय हवे ते त्यांनाच विचारायचे आणि तसे कागदावर मांडायचे. कल्पना झकास! पण रहिवासी कोण, तर आम्ही! ज्यांना नळावरची रांग धड लावता येत नाही, ते शहर लावायला निघाले. संडास सगळ्यांना हवा, पण दुसऱ्याच्या दारात. आमच्या कमिटीचा सेक्रेटरी शिवदास (तोच, देवगडचा, ज्याच्या घरात खिडकीसुद्धा नाही) त्याला बाग हवी होती, तीही कारंज्यासकट. जिथे शेळीसुद्धा घसरते त्या उतारावर!

साहेबाचे नाव चंद्रप्रकाश. पोरगेलासा, नागपूरकडचा, खांद्याला झोळी, काखेत नकाशाची गुंडाळी. पहिल्याच चढावर त्याच्या चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा शेजारच्या दशरथाने आपली रबरी स्लीपर काढून दिली. एका पायात कोल्हापुरी, दुसऱ्यात स्लीपर, असा तो आमचे भवितव्य ठरवत फिरला. फेरीत ठरेल ते मान्य, अशा सह्या मात्र त्याने आधीच घेऊन ठेवल्या होत्या. चहाच्या कपाबरोबर कागद फिरला, आणि फुकटचा चहा पिताना आमची माणसे काय वाचतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता मुख्य गोष्ट. नारळ दिल्याशिवाय फेरी सुरू कशी करायची, असे शिवदासाने काढले. वस्ती सगळी आपल्याच बाजूची, तेव्हा गाऱ्हाणे आलेच, आणि गावात रवळनाथापुढे गाऱ्हाणे घालायचा मान तुमचा म्हणून इथे तो माझ्याकडे आला. मीही घातले. बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांका नळाक पानी गावांदे, ह्यांच्या वाटेर दिवो पेटांदे. दर वाक्यागणिक सगळ्यांनी असे काही व्हय म्हाराजा म्हटले, की खालच्या बसस्टॉपवर माणसे वर बघायला लागली. तुम्ही असतात तर पाठ थोपटली असती. साहेब तर भारावूनच गेला. इतकी एकजूट त्याने कुठल्याच वस्तीत पाहिली नव्हती म्हणे. (नागपूरला गाऱ्हाणे नसते. त्या बिचाऱ्याचा दोष नाही.)

पुढे झाले असे, की प्रत्येक ठिकाणी थांबून साहेब हात वर करून विचारायचा, तर मंडळी, इथे दिव्याचा खांब असावा? आणि मंडळींच्या जिभेला लागलेले वळण! नारळ वाढवून झाला, प्रसाद पोटात गेला, तरी व्हय म्हाराजा चालूच. कुणी प्रश्न ऐकत नव्हते. वाक्य संपले की ओरडायचे, एवढेच ह्या शहाण्यांना कळते. साहेब दर वेळी लिहायचा, एकमताने मंजूर. आगीच्या बंबासाठी बारा फुटी रस्ता काढायचा ठरला. तो वर सरकत सरकत आमच्या दारात आला. साहेबाने विचारले, तर मंडळी, ही पुढची खोली काढावी? गर्दीतून एक अक्कलशून्य आवाज आधी उठला, त्यामागे दोनशे माणसे ओरडली, आणि आमच्या खोलीवर लाल पेन्सिलीची फुली बसली.

दादा, माझी गिरणी बंद पडल्यापासून ह्याच खोलीत आमच्या हिची, जानकीची, खानावळ चालते. चौदा माणसे दोन पंगतींत इथेच जेवतात. खोली गेली की चूल गेली, मग आम्ही खायचे काय, एकमताची मंजुरी? सोमवारी शिवदासाला गाठून विचारले, तर म्हणतो, देवासमोर दिलेला शब्द मागे कसा घ्यायचा? मेल्याची बाग झाली नाही याचाच राग.

असो. थोरांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. वहिनींनी तेल लावावे.

तुमचा,
काशीराम

ता. क. : बावीस तारखेला वस्तीतच नळापाशी हरकती ऐकणार आहेत. तुम्ही दोन दिवस आधी यावे. तुम्ही उलटे गाऱ्हाणे घातलेत, की रस्ता खालच्या मोकळ्या अंगाने जावो, तर ही मेंढरे त्यालाही व्हय म्हाराजा म्हणतील आणि साहेब तेही लिहून घेईल. नारळ आपल्या झाडाचा आणा, इथले नासके निघतात.

दुसरा ता. क. : पत्र जानकीने वाचले. खरे लिहिल्याशिवाय पेटीत टाकू देत नाही, म्हणून लिहितो. तो पहिला आवाज माझा होता. साहेबाने आमच्या खोलीकडेच बोट केले होते, मी तिच्याच उंबऱ्यावर उभा होतो, आणि सगळ्यात मोठ्याने मीच ओरडलो. तुम्ही जरूर या. साहेब प्रश्न विचारायला लागला की जानकी माझ्या तोंडावर हात ठेवणार आहे, पण तिला पंगत वाढायची असते. तेव्हा हात तुमचा लागेल.