फुगा माशाची मेजवानी

३ मार्च, रविवार
आज धक्क्यावर आयुष्यातला पहिला मासा पकडला. पाण्याबाहेर येताच टम्म फुगला. शेजारचे गळवाले म्हणाले, फेकून द्या, फुगा आहे. दुसऱ्या समुद्रातून इकडे घुसलाय, जाळी कुरतडतो, वर विषारी. धक्क्यावर तशी पाटीही आहे: खाऊ नये, कोणाला खायला घालू नये. पाट्या लावतात त्या स्वतःची मान सोडवायला. विमा कंपनीत उभा जन्म गेला माझा, धोका कशाला म्हणतात ते मला कळतं. मासा फ्रीजरमध्ये.

४ मार्च
नेटवर अभ्यास. विष यकृतात, गाबोळीत म्हणजे अंड्यांत, आतड्यांत, कातडीत. मांसात 'कधीकधी'. उकळून जात नाही, तळून जात नाही. उतारा नाही. म्हणजे प्रश्न फक्त कौशल्याचा! हा आगंतुक मासा सगळ्यांनी खायला घेतला तर समुद्र वाचेल. कुणीतरी सुरुवात करायला हवी. निवृत्तीनंतर माणसाला ध्येय हवंच.

६ मार्च
काकडीवर सराव. अंगठा कापला. सुरी बोथट. ही शाळेत शिकवून आल्यावर तिला स्वतःचं माशांचं रेस्टॉरंट काढायची कल्पना सांगितली. दमलेली होती. म्हणाली, काय हवं ते करा, माझ्या सुऱ्यांना हात लावू नका. पाठिंबा मिळाला.

८ मार्च
मेहुण्याला रविवारी जेवायला बोलावलं. मेनू ऐकून म्हणाला, रविवारी लग्नाला जायचंय. कुणाच्या, विचारलं, तर म्हणाला, बघून सांगतो.

९ मार्च
त्यानेच हिला फोन केला असणार. मासा आत्ताच्या आत्ता फेका म्हणाली. फेकला असं सांगितलं. यश आलं की खरं सांगेन.

१० मार्च, रविवार
ही आणि मुलगी बाजारात. मासा साफ केला. यकृत जरासं फुटलं. नळाखाली भरपूर धुतलं.
जेवलो. चव ओल्या पुठ्ठ्यासारखी. पण ओठांना मुंग्या! जाणकारांना हेच आवडत असणार.
थोड्या वेळाने. जीभ जाड. बोटांनाही मुंग्या. अन्न अंगी लागतंय.
दोघी आल्या. 'उत्तम' म्हणायला गेलो, 'उम्म' आलं. ताट बघून ही किंचाळली. उगाच. पेन नीट धर

१६ मार्च, हॉस्पिटल
आज पेन धरता आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बायकोने धावपळ केली म्हणून वाचलात. दोन दिवस माझा श्वास मशीन घेत होतं. विष अंगातून निघून जाईपर्यंत दुसरा इलाज नसतो म्हणे. पापणीसुद्धा हलत नव्हती, पण ऐकू सगळं येत होतं.
मेहुणा आला. माणूस दिलदार होता म्हणाला. 'होता'! मग माझ्या गळाची चौकशी केली.
ही मात्र बसून राहिली. बोलत राहिली. मुख्याध्यापिका व्हायची संधी आली तेव्हा मी 'कशाला उगाच?' म्हणालो होतो, ते तिला अजून बोचतं. मला आठवतही नव्हतं. समुद्र तिला फार आवडतो, पण माझ्याबरोबर गेलं की समुद्राची माहितीच ऐकावी लागते. इतक्या वर्षांत मी मध्ये बोललो नाही असा हा पहिलाच प्रसंग. शेवटी माझा हात घट्ट धरून म्हणाली, तुला असं जाता येणार नाही, मूर्खा, ऐकतोयस ना? लग्नानंतर पहिल्यांदाच 'तू'. ओरडून 'हो' म्हणावंसं वाटलं. करंगळीही हलली नाही. तेव्हा भीती वाटली. मरणाची नव्हे; आपण ऐकलंच नाही असं तिला वाटेल, याची.

२१ मार्च, घरी
संकल्प: यापुढे बोलायचं नाही, ऐकायचं.
सकाळी चहाच्या वेळी हिला हे सविस्तर सांगितलं. ऐकण्याचं महत्त्व, माझी पद्धत, तिच्या पायऱ्या, इतर नवरे नेमके कुठे चुकतात. बराच वेळ बोललो. मग खुर्चीत मागे टेकलो, डोळे मिटले आणि म्हटलं, हं, आता तुझं सांग.
उत्तर येईना म्हणून डोळे उघडले. ही केव्हाच शाळेत गेली होती.