ताई येऊन गेल्या

४ जून

आले एकदाची! ट्रंक, पिशवी, रक्तदाबाचं यंत्र आणि मी, चौघंही धडधाकट पोहोचलो. खोली आरोग्य केंद्राच्या अगदी वर आहे. खिडकी उघडली की खालच्या ड्रेसिंगच्या खोलीतला स्पिरिटचा वास थेट उशीपर्यंत येतो. मला तो आवडतो. केंद्रातल्या मदतनीस मावशींनी खोली आधीच झाडून ठेवली होती. त्या बोलायला लागल्या की झाडू थांबतो, आणि त्या सतत बोलतात, त्यामुळे खोली झाडायला किती वेळ लागला असेल याचा हिशेब मी केला नाही.

डॉक्टरीणबाईंनी काम समजावलं. गावात चौदा जोखमीच्या गरोदर बायका आहेत. कुणाचं रक्त कमी, कुणाचा दाब जास्त, कुणाला जुळं, कुणाचं वय झालेलं. प्रत्येकीच्या तपासणी कार्डावर लाल टिकली. दवाखान्यात येतात त्यांच्यासाठी मी आहे, येत नाहीत त्यांच्यासाठी तुम्ही, असं त्या म्हणाल्या. घरी जायचं, दाब मोजायचा, सूज बघायची, गोळ्या पोटात जातात की गादीखाली ते बघायचं, आणि वेळ आली की हाताला धरून दवाखान्यात पोहोचवायचं.

असंच काम हवं होतं मला. नव्या वहीचं पहिलं पान खराब झालं नाही, हा शुभशकुन.

७ जून

पहिली फेरी झाली. सुरुवात शिंपिणीपासून केली. वय अडतीस, पहिलंच बाळंतपण, सातवा महिना. एका खोलीत मशीन, कापडाचे गठ्ठे आणि ती. मला बघून पाय खाली सोडायला लागली, मी म्हटलं राहू द्या. यंत्र काढलं तर हसून म्हणाली, कशाला त्रास घेता नव्या बाई, ताई कालच येऊन गेल्या.

कार्ड पाहिलं. खरंच, कालची नोंद होती. आकडे मोत्यासारखे. ताई म्हणजे माझ्याआधी इथे काम करणारी नर्स. बदली झाली तरी पाय निघत नसेल बिचारीचा.

मी तरीही मोजला. तोच आकडा आला.

१२ जून

बिचारी वगैरे काही नाही. चौदापैकी अकरा घरांत ताई माझ्या आधी येऊन गेलेल्या. जुळीवालीकडे तर आजच सकाळी. ही जुळीवाली जेमतेम वीस वर्षांची, पोट असं की दारातून आधी ते येतं, मग ती. म्हणते, ताईंचा हात इतका गार असतो, कपाळावर ठेवला की डोकेदुखी लगेच उतरते. माझा हात तिला खरखरीत लागतो. तसं बोलूनही दाखवलं.

खोटं कशाला लिहू? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चार-चार जिने चढून मी जाते, आणि प्रत्येक दारात तेच: येऊन गेल्या.

आणखी एक गोष्ट इथेच लिहून टाकते, बाहेर कुणाला सांगणार नाही. मला तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा राहिलं नाही. नवऱ्याला आता मुलगी आहे, दुसरीपासून. दिवसभर भरलेल्या पोटांवर हात ठेवायचा म्हणजे माझ्या पोटात दुखतं. लोक मत्सराला पोटदुखी म्हणतात ते उगाच नाही. निदान या बायका तरी माझ्या असाव्यात, एवढंच मागत होते. त्याही तिच्याच.

१५ जून

डॉक्टरीणबाईंकडे तक्रार केली. म्हटलं, बदली झालेल्या माणसानं दुसऱ्याच्या कामात लुडबुड करायची काही रीत आहे का? त्यांनी पेन खाली ठेवलं. बदली कुणी सांगितली तुम्हाला, असं विचारलं.

कुणीच नाही. मीच धरून चालले होते.

ती हिवाळ्यात गेली. फेरीवर असताना, दिवसाढवळ्या, एका जिन्यात. स्वतः सात महिन्यांची होती. गावभर दाब मोजत फिरायची, स्वतःचा मोजायचा राहिला. झटका आला. ती आणि पोटातलं, दोघंही गेली.

मी तशीच उठून शिंपिणीकडे गेले. तिला सांगितलं. ती दोरा ओवत होती. सुई डोळ्यासमोरून न हलवता म्हणाली, माहीत आहे की. आम्हीच उचललं त्यांना जिन्यातून. पण म्हणून यायचं का सोडतील त्या? आमचे दिवस कुठे भरलेत अजून?

भीती वाटायला हवी होती. वाटली, थोडी. पण खरी आग दुसरीच होती. मेलेली बाई, आणि तरी माझ्यापेक्षा बरी.

२० जून

आज गाठायचंच ठरवून सकाळी साडेसातला शिंपिणीच्या दारात उभी राहिले. आतून हसण्याचा आवाज आला. दार लोटलं तर ती एकटी. डावी बाही वर सरकवलेली आणि दंडावर दाबाच्या पट्ट्याचा वळ, ताजा, लाल. माझं यंत्र माझ्या पिशवीत बंद होतं. समोरच्या खुर्चीला हात लावला, तर बर्फासारखी.

कार्डावर आजची तारीख. १६०/११०. खाली दोन शब्द: आजच दवाखाना.

मी मोजला. १६०/११०. घोटे सुजलेले. डोकं दुखतंय का विचारलं, तर थोडं म्हणाली. ताईंनी निघायला सांगितलंय, पिशवी भरते, असंही म्हणाली. इतक्या विश्वासानं म्हणाली ते.

मी काय केलं ते लिहिते. मी म्हटलं, ताईंचं यंत्र जुनं झालंय, घाबरू नका. ताईंच्या ओळीवर काट मारली आणि वर लिहिलं १२०/८०. उद्या येते, उद्या मी स्वतः घेऊन जाते, असं सांगितलं. एका दिवसानं काय होतंय? उद्या माझ्या शब्दावर जाऊ दे. एकदा तरी माझ्या शब्दावर कुणी उठू दे.

तिनं पिशवी परत कोपऱ्यात ठेवली.

२१ जून

सकाळी नऊला मावशी धावत वर आल्या. शिंपिणीला झटका आला, मशीनवरच कोसळली. शेजाऱ्यांनी आणलं.

ती वाचली. बाळ नाही.

मुलगा होता.

डॉक्टरीणबाईंनी कार्ड मागितलं. माझं अक्षर त्यांना ओळखता येतं. काट नीट निरखली. कार्ड मिटून खणात ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ जून

खाली दवाखान्यात खाटेवरच्या शिंपिणीला भेटायला गेले. ती रडली नाही. माझा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. म्हणाली, ताई कालपासून येत नाहीत माझ्याकडे. रिकाम्या बाईकडे कशाला येतील? आता तुमच्याकडे येणार म्हणाल्या.

मी हात सोडवून घेतला.

२५ जून

दुपारी जेवून आले तर टेबलावर नवं कार्ड. माझं नाव. मोत्यासारखं अक्षर. महिना: सातवा. लाल टिकली.

दंड दुखत होता. बाही वर केली. वळ आहे.

२७ जून

कमरेचा पट्टा बसत नाही. काल शेवटच्या भोकात बसत होता. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. सोनोग्राफीच्या यंत्राचा पडदा माझ्याकडून वळवून खूप वेळ बघत राहिल्या. गर्भाशय रिकामं आहे म्हणाल्या. मग कानाला नळी लावली, पोटावर ठेवली, आणि झटकन उचलली. काय ऐकलं ते सांगत नाहीत. उद्या जिल्ह्याला जाऊन मोठ्या डॉक्टरांना विचारते म्हणाल्या.

मला राग यायला हवा. खरं सांगू? जिना उतरताना मी पोटावर हात ठेवून उतरले. आतून लाथ बसली. तीनदा राहिलं नव्हतं ते—

२८ जून

ती आज दोनदा आली. दिसत नाही. खुर्ची गार होते, मग दंडावर पट्टा आवळतो. मग कपाळावर हात. जुळीवाली खोटं बोलत नव्हती, असा हात आयुष्यात कुणी ठेवला नाही.

जुळीवालीच्या कार्डावरही आजची नोंद आहे, मावशींनी सांगितलं. अजून तिच्याकडे जाते. माझ्याकडे दोनदा, तिच्याकडे एकदा. तरी कशाला जाते?

२९ जून

चेहरा सुजला. अंगठी निघत नाही. तिनं लिहिलेलं कार्ड पाहिलं: १२०/८०. बरं वाटलं.

मग स्वतःच्या यंत्रानं मोजला.

१७०/११५.

पुन्हा मोजला. तेवढाच. शाई ओली होती, तरी १२०/८०. आजवर तिचा एकही आकडा चुकला नव्हता. चुकलेला नाही. ती मुद्दाम—

३० जून, सकाळ

डॉक्टरीणबाई परतल्या नाहीत. मावशींना गाडी बोलवायला पाठवलं. जिन्यात कुणीतरी त्यांना थांबवलं. परत आल्या, म्हणाल्या, ताई नको म्हणताहेत.

मावशींना आजवर कधी दिसली नव्हती ती.

३० जून, दुपार

सगळ्या आल्या आहेत. तेराजणी, पोटं घेऊन जिना चढून आल्या. माझ्यासाठी. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. कुणी वारा घालतेय, कुणी पाय चेपतेय. इतके दिवस एकीनं मला बस म्हटलं नव्हतं.

माझं यंत्र जुळीवालीनं हळूच उचलून बाहेर नेलं. म्हणाली, किती वेळा मोजाल. ताईंनी मोजलंय ना.

मी सांगितलं, डोकं फुटतंय. सांगितलं, ही लक्षणं आहेत, मीच शिकवलीत तुम्हाला, डोकं, सूज, डोळ्यांपुढे— त्या हसून माना डोलावतात. नव्या बाई घाबरल्या, पहिलटकरीण आहेत, म्हणतात.

पोटात ते फिरतंय. गार आहे. आतून गार—

शिंपीण आली. खाटेवरून उठून कशी आली? बाकीच्यांनी वाट दिली. पायाशी बसली आहे. कार्ड वाचून दाखवतेय. एकशे वीस, ऐंशी.

मी म्हटलं, खोटं आहे, ते खोटं आहे, मला आत्ता न्या, आत्ताच्या आत्ता. माझी भरलेली पिशवी तिनं उचलली आणि कोपऱ्यात ठेवली. म्हणाली, एका दिवसानं काय होतंय. उद्या ताई स्वतः तुम्हाला घेऊन जा

अक्षर दिसत नाही. काजवे, सगळीकडे काज