‘दाराबाहेर’चा रत्नागिरीतील पहिला प्रयोग

३ एप्रिल १९३४
नाटक लिहून पुरे झाले. नाव ‘दाराबाहेर’. राजाची मर्जी फिरली म्हणून संस्थानातून पळालेला एक मनुष्य परमुलखात एका दाराशी येतो, आश्रय मागतो. एकदाच, हळू आवाजात. मग तीन अंक घरातली माणसे गप्प. पदे नाहीत, आरडाओरडा नाही. सगळा संयम! सौ. दमयंतीला वाचून दाखवले. पहिल्या अंकातच तिने डोळे मिटले. चिंतन करीत असावी.

९ एप्रिल
आश्रिताचे काम बंदरावरच्या आत्मारामाला दिले. मुळातच वाळका, मेकअप नको. उभे राहून पाय दुखतात म्हणतो. म्हटले, कलेसाठी सोस. मुंबईचे टीकाकार हरिश्चंद्रपंत आगबोटीने सुटीवर आलेत. त्यांनी चार ओळी बऱ्या लिहिल्या की मुंबईची कंपनी नाटक उचलणार आणि मी कोर्टातली कारकुनी सोडणार. आमच्या वरिष्ठांना, शिरस्तेदारांना, आजच सांगून टाकले. जळले असावेत.

१५ एप्रिल, सकाळ
काल प्रयोग. लिहवत नाही.
पहिला अंक उत्तम. प्रेक्षक स्तब्ध, काही तर घोरत होते. दुसऱ्या अंकात आत्माराम तसाच उभा, घरचे तसेच गप्प. एवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज: “अरे बाबा, किती येळ उभा ऱ्हाशील? चल आमच्याकडे, पेज तयार हाय!”
आमच्या सासूबाई. येसूबाई. लेकीकडे म्हणून गुहागरहून आलेल्या.
टाळ्या, वन्समोअर. आत्मारामाने एकदा माझ्याकडे पाहिले आणि स्टेजवरून उतरून सरळ त्यांच्यामागे चालू लागला. तिसरा अंक कोणाला घेऊन करायचा? पडदा टाकला. घरी आलो तर आश्रित पडवीत बसून आणखी पेज मागत होता. अहो, ते सगळे खोटे होते, असे सासूबाईंना समजावले. म्हणाल्या, पाय तर खरेच लटपटत होते.

१६ एप्रिल
ठराव: सासूबाईंशी बोलणे बंद. दुपारी त्यांनी कुळथाची पिठी केली. ठराव उद्यापासून.

२८ एप्रिल
टीका छापून आली! हरिश्चंद्रपंत लिहितात की दीड अंक काहीच घडत नाही. मग येसूबाई बोलतात आणि सारे घडते. इतके सहज काम त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलेले नाही. लेखकाचा उल्लेख शेवटी आहे: ‘येसूबाईंचे जावई’. नीट विचार केला तर स्तुती माझीच. सासू माझीच ना.

५ मे
मुंबईच्या कंपनीची तार! नाटक हवे. अट एकच, येसूबाई हव्यात. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद होण्याआधी निघा. ऑफिसात मोठ्याने वाचली.

९ मे, गुहागर
सासूबाई घरी परतलेल्या, म्हणून इथवर आलो. सुपारी सोलत होत्या. विनवले. आत्माराम रोज दाराशी उभा राहील, तुम्ही रोज त्याला बोलवायचे, एवढेच. हात थांबवून विचार केला आणि म्हणाल्या, “जावयबापू, एकदा घेतला ना त्याला घरात? मग रोज परत भायेर कशाला उभा करता?”
समोरची एक सुपारी उचलून सोलू लागलो. तीन अंक मी लिहिले, त्यांत हे वाक्य नाही. फार वाईट वाटले.

१२ मे
मुंबईला कळवले: लेखकाची प्रकृती बरी नाही. मग कोर्टात गेलो. उंबऱ्याशीच जरा थांबलो. वाटेत काय काय सांगायचे ते घोकून ठेवले होते. शिरस्तेदारांनी मान वर करून पाहिले आणि काही न विचारता माझी खुर्ची पुढे सरकवली. बसलो.