मागे घेतलेला लेख आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, अतिदक्षता विभागाची निवृत्त प्रमुख डॉक्टर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपणाखाली मी कधी काही लिहिले नाही, हे आमच्या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनाही ठाऊक आहे.

१. राहते घर थोरलीला. स्वयंपाकघरातला नळ गळतो. प्लंबरची वाट न बघता तिने वायसर स्वतः बदलावा.

२. बँकेतील ठेवी धाकट्याला. माझ्या लेखावरून गदारोळ झाला तेव्हा हाच म्हणाला होता, "आई, दोन ओळींची माफी लिहून टाक ना, कशाला नसती डोकेदुखी!" तरीही ठेवी त्यालाच. पोटचा आहे.

३. स्टेथोस्कोप विभागाच्या सिस्टरला. सगळे मूग गिळून बसले होते तेव्हा ती एकटीच येऊन म्हणाली, "मॅडम, खरं लिहिलंत."

४. आता तो लेख. आशा संपलेल्या म्हाताऱ्या माणसाला आपण यंत्रांवर ठेवतो ते बहुतेकदा आपल्याच समाधानासाठी, असे मी लिहिले. संपादकांनी वाचून, पसंत करून छापले. ओरड होताच संकेतस्थळावरून काढले आणि तिथे एक ओळ ठेवली: 'लेख मागे घेण्यात आला आहे.' कोणी घेतला? मी तर घेतला नाही. चूक दाखवली असती तर मीच दुरुस्त केली असती. याचा मला अजून राग आहे.

माझ्या सर्व लेखनाचे हक्क थोरलीला. नियतकालिकाला माझ्या नावाने पुरस्कार द्यायचा आहे म्हणे. लेख परत लावल्याशिवाय तिने परवानगी देऊ नये, कोणी कितीही गोड बोलो. लेखाच्या शेजारी विरोधी उत्तर त्यांनी खुशाल छापावे, हवे तेवढे लांब.

५. 'लेख काढा' या मागणीपत्रावर पहिली सही माझ्या जुन्या सहकाऱ्याची होती. आज साक्षीदार म्हणून मी त्यांनाच बोलावले. चहा घेताना म्हणाले, "तुमचं मत मला आजही घातक वाटतं. माझ्या आईची आशा सगळ्यांनी सोडली होती. यंत्रावरून उठून ती घरी आली."

मला हे माहीतच नव्हते. मी म्हटले, "अहो, मग हेच लिहायचं होतंत. मी आधी वाचलं असतं."

त्यांनी कप बाजूला ठेवला. मग त्यांनी पेन मागितले.

स्थळ: राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर
दिनांक: ९ फेब्रुवारी

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: शेजारच्या वकीलबाई (सही)

साक्षीदार २: माजी सहकारी (सही). खाली त्यांच्याच अक्षरात: 'लेखाशी असहमत. उत्तर लिहायला घेतले आहे. मूळ लेख परत लावल्याशिवाय ते छापू देणार नाही.'