आमटीची वाटी

मॉरिसव्हिल, ऑक्टोबर २००६

शंतनू,

'प्रिय' लिहायला हात वळला नाही.

काल तुझ्या फ्रेंच बॉसने तळाशी उरलेल्या सूपमध्ये रेड वाइन ओतली, बाऊल दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावून मस्त भुरका मारला. आजोबा शेतावर असंच प्यायचे, म्हणाला. तू टाळ्या वाजवल्यास, लगेच तसंच प्यायलास आणि कारमध्ये म्हणालास, "काय ऑथेंटिक आहे यार!"

दोन वर्षांपूर्वी आपल्या टेबलावर माझ्या अण्णांनी आमटीची वाटी अशीच तोंडाला लावली होती. तू पाहुण्यांसमोर त्यांच्या हातात चमचा दिलास. "अण्णा, इथे असं चालत नाही." त्यांचेही आजोबा शेतावरच जेवायचे. तू कधी विचारलंस?

हे पत्र मी तुला देणार नाही. तू फोन लावून सॉरी म्हणशील, ते "अहो जावईबापू, त्यात काय" म्हणतील आणि तू मोकळा होशील. तसं सुटू देणार नाही मी तुला.

आई सांगते, अण्णा आता कराडच्या घरीसुद्धा आमटी चमच्यानेच खातात. हात थरथरतो. सगळी सदऱ्यावर सांडते.

अण्णांची मुलगी,
आश्लेषा